इंजिन बसवण्याआधीची होडी

बाबा,

रविवारी होडी न्यायला माणूस येणार आहे. होडी म्हटलं की तुम्हाला तुम्ही चालवायचात ती भातसानगरच्या धरणावरची पाटबंधारे खात्याची होडी आठवेल, ती नव्हे. ही आमची, माझी आणि तुमच्या जावयाची. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि ही आमच्याकडे आली सहा वर्षांपूर्वी, त्यामुळे तुम्ही ती पाहिली असण्याचा प्रश्नच नाही. जावईही गेले. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून होडी आमच्या गावच्या लहान धरणाच्या काठावर जांभळाखाली पालथी घातली आहे आणि इंजिन घरी पडवीत गोणपाटाखाली आहे. मुलगी नाशिकला असते. फोनवर म्हणते, "आई, काढून टाक ती. तू तिथे एकटी जाऊन बसतेस, माझा जीव थाऱ्यावर नसतो." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घेणारा माणूस मुरबाडकडचा, शेतघर बांधलंय त्याने, हौशी दिसतो. इंजिनासकट हवी म्हणाला. मी हो म्हटलं. त्याला चार दिवस झाले आणि चार दिवस मला दुसरं काही सुचत नाही. द्यायची की ठेवायची, एवढाच प्रश्न आहे. पण होडीतलं कळणारं माणूस माझ्या ओळखीत तुम्हीच होता.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही असताना लिहून उपयोग नव्हता, कारण तुम्हाला आकडे वाचता येत, अक्षरं येत नसत. धरणाच्या भिंतीवरच्या पट्टीवर पाणी किती चढलं, किती उतरलं, ते तुम्ही लांबून सांगायचात आणि साहेब वहीत लिहून घ्यायचे. पण विश्रामगृहात साहेब लोकांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं आणि मासिकं तुम्ही डब्याच्या पिशवीतून घरी आणायचात. सातवीनंतर तुम्हीच माझी शाळा सोडवलीत आणि तुम्हीच ती रद्दी आणलीत. मला अजून कळत नाही, ह्यातलं कुठलं तुमचं खरं मन होतं. क्वार्टरच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापायची, मी उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायची, आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून डोळे मिटून ऐकायचात. मी थांबले की डोळे न उघडता विचारायचात, "पुढं?" पुढचं पान पुष्कळदा नसायचंच. मग मी मनानेच रचून सांगायची. तुम्हाला ते कळायचं का?

मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला एकदाच होडीत नेलंत. मधोमध गेल्यावर मी हरखून उभी राहिले. तुम्ही ओरडला नाहीत, पण तो आवाज अजून कानात आहे. "खाली बस, बाय. होडीत जो उभा ऱ्हातो तो सोता पडत नाय, दुसऱ्याला पाडतो." परत कधी नेलं नाहीत. मी पुष्कळ दिवस तुमच्यावर राग धरला होता. पण किनाऱ्यावर बसून तुमचं काम बघायला मनाई नव्हती, आणि बघून बघून मी जे शिकले ते पन्नास वर्षांनी कामाला आलं.

तुमचे जावई मोटारी बांधायचे, म्हणजे जळलेल्या पंपांना नवीन तार गुंडाळायचे. शहापूरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं, आठवत असेल. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या विहिरींचं पाणी वर चढवलं आणि स्वतः कधी पाण्याकाठी स्वस्थ बसले नाहीत. छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी दुकान बंद करायला लावलं, आम्ही गावी परत आलो. महिनाभरात म्हणाले, मला होडी घ्यायची आहे. धसईच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ही बातमी फुटली तेव्हा मी भाजी घेत शेजारीच उभी होते.

"मासं धरनार का?"

"नाय. तलाव मच्छीमार सोसायटीचा हाय, जाळं टाकायचं नाय ह्या अटीवरच परवानगी दिली त्यांनी."

"मंग मान्सं फिरवनार?"

"नाय."

"मंग होडीत करनार काय?"

"बसनार."

सगळी टपरी हसली. एक म्हातारा म्हणाला, "बसायला घरी वटा हाय की रे! वट्याला भोकबी पडत नाय!" हे हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. चहा पिऊन झाल्यावर माझ्याकडची पिशवी घेतली आणि म्हणाले, "चल गो." त्या वेळी मला ते फार आवडले. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

मुरबाडच्या पुढे एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, त्याची फायबरची होडी विकायची होती. गडद निळा रंग, नवा कोरा, ऊन पडलं की डोळे दिपत. हे बघताक्षणी भुलले. मी मात्र तुमच्यासारखी बोटाच्या पेराने ठोकत गेले. विकणाऱ्याला म्हटलं, हिच्यात पाणी ओता. तो म्हणाला, "वैनी, होडी पान्यात घालायची असते, पानी होडीत नाय!" त्याच्या माणसांना हसू आवरेना. हेही जरा ओशाळले. पण मी हटले नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी तुम्ही होडी दोन ओंडक्यांवर ठेवून आत बादल्या ओतायचात आणि खाली वाकून बघायचात, ते मी किती वेळा पाहिलं होतं. जमिनीवर आतलं पाणी जिथून गळतं, पाण्यात बाहेरचं तिथूनच शिरतं. आठ बादल्या ओतल्या. दोन मिनिटं काही नाही. मग तळाच्या कण्याच्या कडेला रंगातून एक थेंब फुगला, पडला, पाठोपाठ दुसरा. हसणं थांबलं. तो माणूस म्हणाला, "कोनाची मुलगी वैनी तुमी?" मी तुमचं नाव सांगितलं. तो तुम्हाला ओळखत नव्हता, पण मला सांगावंसं वाटलं. चीर त्याने स्वतः बुजवून दिली, मग आम्ही ती घेतली.

पहिली दोन वर्षं वल्ह्यांची होती. बाबा, मला नवल वाटतं की ही गोष्ट तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो आणि त्याचं तोंड मागे बसलेल्या माणसाकडे असतं. आमचा संसार चाळीस वर्षांचा. स्वयंपाकघरात माझी त्यांच्याकडे पाठ, दुकानात त्यांची माझ्याकडे, एसटीत दोघांची तोंडं पुढे. समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून तासभर बसलो ते पहिल्यांदा त्या होडीत. सकाळी उन्हं वर यायच्या आत जायचो. थर्मासमधे चहा, डब्यात थालीपीठ. मधोमध गेलं की ते वल्ही आत ओढून घेत, आणि मग वल्ह्यांवरून गळणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज. त्यांना पुढचं दिसत नसे म्हणून दिशा मी सांगायची. "जरा उजवीकडे. तुमच्या नव्हे, माझ्या." ह्यावरून रोज भांडण. पाणकावळे खांबावर पंख वाळत घालून बसलेले असत, ते आमच्याकडे असे बघत की हे दोघं कशाला आले. मी पुस्तक नेत असे. एकदोन पानं वाचून दाखवी. तुमच्यासारखं "पुढं?" ते म्हणत नसत, ते मधेच तिसरंच बोलत.

मग सुधारणा सुरू झाल्या. होडी घेणाऱ्याला हा रोग लागतोच म्हणतात. आधी बसायला गाद्या, त्या दवाने भिजून कुजक्या वासाच्या झाल्या. मग छप्पर, तर वारा आला की होडी तिरकी चालायची, ते काढलं. मग जुनं इंजिन, आणि त्याच्या जागी दुसरं, जास्त ताकदीचं. तार गुंडाळण्यात हात मुरलेला माणूस, इंजिन उघडल्याशिवाय राहवेल कसं? होडी पाण्यात कमी आणि अंगणात जास्त राहू लागली. मी त्या इंजिनाचं इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं की एवढ्या लहान होडीला हे इंजिन जड आहे. मी ते वाचून दाखवलं. "लिवनाऱ्याला काय जातंय," म्हणाले.

मोठ्या इंजिनाने होडीचं मागचं टोक बसलं आणि पुढचं वर उचललं. पाच-सहा जण काठावर जमले आणि सगळ्यांचं एकमत झालं, गाडी उलाळ झाली! बैलगाडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचलतं, त्यावर उपाय सगळ्यांना पाठ: पुढे गोणी टाका. टाकली. भाताची, कारण घरात गोणी त्याचीच. होडी सरळ झाली, लोक खूश, हे खूश. पण पाण्याचे सपकारे गोणीवरच बसत. आठवडाभर ती तशीच पुढच्या टोकाला पडून. भात पाणी पीत गेलं, फुगलं, गोणी दुप्पट जड झाली, आणि शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आले. आम्हा भातवाल्यांच्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही की भिजलं तर भात रुजेल! पुढच्या खेपेला किनाऱ्याजवळ ह्यांनी एकदम इंजिन बंद केलं, नाक खाली गेलं, मागची लाट होडीत आली, आणि आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे. काठावरून आवाज आला, "लावनीला मान्सं पाठवू का?" मी इतकी हसले की पोटात दुखलं. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, भार मधे आणि खाली, होडी काय बैलगाडी हाय? मला ते ठाऊक होतं, बाबा. गोणी ठेवताना मी तिथे उभी होते आणि बोलले नाही.

का बोलले नाही, ते आता लिहायला हवं.

इंजिन असलं की चालवणारा मागे बसतो. बसणारा पुढे, त्याच्याकडे पाठ करून. आणि आवाज एवढा की काही बोलणं नको, ऐकणं नको. सगळं गाव म्हणतं, म्हाताऱ्याला इंजिनाचं वेड लागलं. मुलगीही तेच म्हणते. मी मान डोलावते. पण पहिलं इंजिन त्यांनी मागितलंच नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात ते होडीत वेगळं बोलायला लागले होते. मधोमध गेलं, वल्ही आत घेतली की सुरू. "मी नसलो की तू दारंबिरं नीट लावत जा." "मी गेल्यावर पोरीकडं ऱ्हायचं का हितंच, ते ठरव." घरी कधी बोलत नसत, तिथेच बोलत, कारण तिथून मला उठून जाता येत नसे. मी विषय बदलायची, पाणकावळे दाखवायची, पुस्तक उघडायची. एके सकाळी त्यांनी पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा ऐक गो. माझ्या मनात एक हाय." आणि मी म्हटलं, "अहो, तुम्हाला वल्हवून दम लागतो. आपण इंजिन बसवू."

ते माझ्याकडे बघत राहिले. आम्ही समोरासमोर होतो, नजर चुकवायला जागा नव्हती. मग म्हणाले, "बरं. बसवू." वल्ही पाण्यात टाकली. विकणारा माणूस गाठून त्याच आठवड्यात इंजिन आणलं. पुढची अडीच वर्षं त्या आवाजात गेली. मला ते बरं वाटत होतं; गोणीचं बोलले असते तर परत वल्ह्यांवर यायचं निघालं असतं. एका सकाळी ते घरी, अंगणात, प्लग साफ करताकरता गेले. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पडवीत ते इंजिन बघते तेव्हा वाटतं, एक प्रश्न मी त्या गोणपाटाखाली झाकून ठेवला आहे.

काल इथवर लिहून झाल्यावर त्या मुरबाडच्या माणसाला फोन केला. म्हटलं, इंजिन न्या, होडी द्यायची नाही. तो म्हणाला, "ताई, नुसत्या इंजिनाचं काय करू? आणि तुम्ही तरी नुसत्या होडीचं काय करणार?" मी म्हटलं, बसणार. तो म्हणाला, बरं, रविवारी येऊन इंजिन तेवढं नेतो. मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती रागावेल. मला पोहता येत नाही आणि वल्हवताही धड येत नाही. सोसायटीचा एक मच्छीमार आठ दिवस शिकवतो म्हणाला आहे, पण तो एरवीही इतकं बोलतो की कधी एकदा एकटीने जमेल असं आत्ताच वाटतंय. मधोमध जाऊन वल्ही आत ओढून घ्यायची आहेत. तिथे काही ऐकू येईल असल्या भ्रमात मी नाही. फक्त त्या जागी बसून पळून न जाता तासभर काढायचा आहे.

हे पत्र वहीतच राहील. वर लिहिलंय की होडीतलं तुम्हाला कळतं म्हणून तुम्हाला लिहिते आहे. ते खरं नाही, बाबा. लिहायचं होतं तुमच्या जावयांनाच. पण त्यांना लिहायचं म्हणजे विचारावं लागलं असतं, की मी इंजिन का मागितलं ते त्यांना त्याच वेळी कळलं होतं का. आणि कळलं होतं, हे उत्तर मला माहीत आहे.