फियाटची काच आणि आबांची मेंढरं

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
छावणी, औरंगाबाद
३ मार्च १९८७

ती. सौ. रत्नमाला आक्कास,
धाकट्या शिवशंकरचा सा. न. वि. वि.

खुशाली विचारायला नव्हे, मन मोकळं करायला लिहितो आहे. परवा आबांच्या तळावर काय झालं ते तुला कळलं असेलच, पण आबांच्या तोंडून कळलं असणार. आता माझ्याकडूनही ऐक.

दोन वर्षं झाली, मी मेंढरांमागं फिरणं सोडून या जुन्या फियाटमधून स्टेशनवरचे पाहुणे वेरूळला नेतो. पोटच्या पोराची गाडी, पण आबांनी ती एकदाही पाहिली नव्हती. म्हटलं, आता दाखवावीच. काचा आरशासारख्या लखलखीत केल्या, नवा सदरा घातला, आणि मूर्खासारखी गाडी नेमकी आपल्या कारभारीसमोर उभी केली. मेंढाच तो. मागच्या दाराच्या काचेत त्याला दुसरा मेंढा दिसला. चार पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि दिली धडक. काचेचा साबुदाणा झाला गं! सगळ्या सीटवर दाणेच दाणे.

आबांनी दाणे हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, शहरात राहून मेंढ्याची जात बी इसरला व्हय रं. आणि पाठ फिरवून कळपाकडं गेले. मीही चहा न घेता निघून आलो. मला फार लागलं ते, आक्का. काचेपेक्षा जास्त लागलं.

दिवाळीला ते काय बोलले ते तुला माहीत आहे. त्यांच्या गुडघ्यांनी आता जबाब दिला आहे. पाडव्यापर्यंत गाडीचं बस्तान बसलं नाही तर मी परत येऊन कळप सांभाळायचा. बसलं, तर मेंढरं बाजारात नेऊन मोकळं व्हायचं. आता कुठं बस्तान बसायची वेळ आली आहे. वाळूजच्या एका नव्या कारखान्याच्या साहेबांना रोज ने-आण करायला वर्षभरासाठी गाडी हवी आहे. सोमवारी २३ तारखेला ते गाडी पाहणार आहेत. काचेच्या जागी पुठ्ठा बांधलेली गाडी कोण पसंत करील?

मी परत आलो तर मला मेंढरं सांभाळता येतील, पण माझं मन तिथं लागणार नाही. हे आबांना सांगू नकोस. कारभारीचं डोकं ठीक आहे ना तेवढं कळव. राग आला तरी तो आपला आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शिवा

.

डोंगरवाडी, ता. पैठण
७ मार्च १९८७

चि. शिवशंकर यास,
आक्काचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मोतीराम गुरुजींनी शाळेतून येताना दिलं. वाचून आधी पोटभर हसले, मग वाईट वाटलं. गाडी शिकलास, शहरातले रस्ते पाठ केलेस, आणि माजलेल्या मेंढ्यापुढं आरसा धरू नये एवढं कुणी शिकवायला हवं होतं का तुला? तू सहा वर्षांचा असताना त्याच्या आजोबानं तुला शेणाच्या ढिगावर पाडलं होतं. विसरलास?

कारभारी बरा आहे. दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हता. शिंगाच्या बुडाशी सूज होती, तिथं मी हळद-तेल चोळलं. आता पुन्हा मिजाशीत फिरतो. जिंकलो असंच वाटतंय त्याला.

आता खरी गोष्ट सांगते. आबांचा राग मेंढ्यावरून नाही, गाडीवरूनही नाही. तो पाण्यावरून आहे. ते हे तुला कधी बोलून दाखवणार नाहीत. आपली मेंढरं पाण्याला दोन कोस चालतात, विहिरीत दोर पुरत नाही, आणि तू चकचकीत गाडी घेऊन उभा राहिलास. ह्यांना म्हणाले, फकिरा, दोन घागरी पाणी ओतलं असंल त्यानं त्या पत्र्यावर, त्यात माझी वीस मेंढरं प्याली असती. ह्यांनी समजूत घातली, पण आबा जेवले नाहीत. तू खरंच गाडी धुतलीस का रे? धुतली असशील तर तुला माझ्याकडूनही बोलणी बसतील.

आम्ही दोघं दुष्काळी कामावर जातो. ह्यांच्या हातात घण, माझ्यापुढं खडी. सकाळी कामावर जायच्या आधी मी आबांची मेंढरं पाण्यावर नेऊन आणते, त्यांना चालवत नाही म्हणून. तेवढाच वेळ जरा बरा जातो. यंदा पांढऱ्या कपाळाची कोकरं फार गोड झाली आहेत. मेंढरं बाजारात न्यायचं तू एका ओळीत लिहून मोकळा झालास. असो.

काचेचं बघ. जेवत जा वेळेवर. आक्काला विसरलास तर कारभारीला तिकडं पाठवीन.

तुझी,
आक्का

.

छावणी, औरंगाबाद
११ मार्च १९८७

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

बिरोबाची शपथ घेऊन सांगतो, दिवाळीपासून त्या गाडीला पाण्याचा थेंब लावलेला नाही! रद्दीचं वर्तमानपत्र आणि रॉकेलचे चार थेंब, एवढ्यावर मी काचा पुसतो. इथं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. गावाबाहेर नव्या वसाहती उठताहेत, तिथं विटांवर मारायला टँकर येतात आणि आम्ही हंडे घेऊन हापशावर उभे असतो. मी का गाडीवर पाणी ओतीन? आबांना तसं वाटलंच कसं? आणि वाटलं तर मला विचारलं का नाही? तू सांग त्यांना. मी सांगायला गेलो तर आवाज चढेल.

आता काचेची कहाणी. घाईघाईत मी फोटोच्या चौकटी करणाऱ्याकडून काच कापून आणली. आमचे गॅरेजवाले कडुबा मिस्त्री माझ्यावर असे उखडले की विचारू नकोस. म्हणाले, ही साधी काच हाय, उद्या ब्रेक दाबला तं साहेबाचा गळा चिरंल, मंग बस तू जेलात. गाडीची काच भाजून पक्की केलेली असते, फुटली तरी तिचे दाणे होतात, सुरे होत नाहीत. ती नंतर कापताही येत नाही. जुन्याच फियाटच्या दारातली मिळाली तर मिळाली.

चार दिवस भंगारवाल्यांकडं हिंडलो. शेवटी छावणीतच, माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, एका म्हाताऱ्या चाचांच्या अंगणात फियाटचं अख्खं दार सापडलं. कशाला लावलं होतं सांगू? कोंबड्यांच्या खुराड्याला! काच शाबूत, वर कोंबड्यांची सगळी कृपा. चाचा म्हणाले, काच ले जाव मियां, लेकिन मेरी मुर्गियां बिल्ली कू नको देव. मग मी एक दुपार बसून त्यांच्या खुराड्याला फळ्यांचं दार करून दिलं. आपण कोकरांच्या कुडाला करतो तसंच. चाचा बेहद्द खूश.

पण अडचण पुढंच आहे. काच ज्या खाचेतून वरखाली सरकते, तिला आतून नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, पट्टी असते. ती माझ्या गाडीत कुजून गेली आहे. तिच्याशिवाय काच बसवली तर खडखड वाजते आणि चार खड्ड्यांत पुन्हा फुटते. पट्टी मुंबईहून मागवावी लागते, यायला वीस दिवस लागतील. माझ्याकडं बारा आहेत. मिस्त्री म्हणाले सायकलच्या ट्यूबचा रबर लावून बघू, पण काच त्यात अडकून बसते.

आक्का, कधी कधी वाटतं की नशिबातच कळपामागं चालणं आहे. तुझं पत्र लवकर येऊ दे, त्यानं धीर येतो.

तुझा,
शिवा

.

डोंगरवाडी
१६ मार्च १९८७

चि. शिवशंकर यास,
अ. आ. वि. वि.

काल होळीला पुरणपोळी नव्हती. गुळाची भाकरी केली आणि आबांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझ्या मनाविरुद्ध सगळंच वाचलं, रागावलास तरी चालेल.

वर्तमानपत्राचं ऐकल्यावर आबांनी तेवढं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, रॉकेलनं काच साफ निघती व्हय? मी म्हटलं, निघते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तर एकदम विचारलं, ती पट्टी किती रुंद असती. मला काय ठाऊक? तुझ्या पत्रात नाही. मग स्वतःच म्हणाले, दोन बोटं असंल, काचंला त्याहून जास्त लागायची नाय.

आज सकाळी मी मेंढरं घेऊन परतले तर आबा तळावर लोकर पसरून बसलेले. तरुणपणी ते एका पिंजाऱ्याच्या शेजारी राहायचे, तिथं जेन करायला शिकले होते, हे मला आजच कळलं. जेन म्हणजे विणायचं नाही, लोकर ओली करून लाटत, दाबत, तुडवत एकजीव करायची. तोच तुझा नमदा. कोकरांच्या मऊ लोकरीचा थर घातला, चिंचोक्याची खळ शिंपडली, आणि पाणी लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या पिण्याची चरवी ओतली. मी धावले, म्हटलं आबा, दिवसभर काय प्याल? म्हणाले, मला काय तहान लागती, म्हातारा माणूस. शिवा, ज्या माणसानं दोन घागरींसाठी तुझ्याशी बोलणं सोडलं, त्यानं ती चरवी तुझ्या गाडीच्या काचेसाठी रिकामी केली. मला तिथं उभं राहवेना.

चार हात लांबीच्या पट्ट्या झाल्या आहेत. दोन दिवस वाळवून, पैठण गाडीच्या कंडक्टरच्या हाती बुधवारी पाठवते. स्टँडवर पाचच्या सुमाराला उभा राहा. कापायची कात्री धारदार घे, नाहीतर कडा विस्कटतात, हा आबांचा निरोप.

जायकवाडीचं पाणी मागं सरलं आहे, तिथल्या उघड्या गाळावर हिरवं आलंय म्हणतात. कळप तिकडं न्यायला हवा, पण नेणार कोण? आबांना जमणार नाही. मला ती वाट ठाऊक आहे, लहानपणी आईबरोबर दोनदा गेले आहे. पण पाडव्यानंतर बाजारच व्हायचा असेल तर कशाला बोला.

जिवाला जप, आणि साहेबापुढं तोंड सांभाळ. आठवण ठेव.

तुझी,
आक्का

.

छावणी, औरंगाबाद
२४ मार्च १९८७

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

बसलं! गाडीचं बस्तान बसलं, आक्का!

पट्ट्या मिळाल्या त्याच दिवशी कडुबा मिस्त्रींकडं धाव घेतली. त्यांनी दाराचं हँडल काढलं, आतला पुठ्ठा उतरवला, दाराच्या पोटातून मूठ मूठ काचेचे दाणे काढले. मग आबांची जेन हातात घेऊन त्यांनी चोळून पाहिली, वास घेतला, आणि म्हणाले, असला माल मुंबईवाल्याच्या बापानं बगितला नसंल. खाचेत पट्टी बसवली, काच खालच्या पन्हाळीत दाबली, हँडल फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तशी काच वर गेली. आवाज नाही, अडकणं नाही.

काल साहेब आले. सगळी गाडी बाहेरून पाहिली. मागं बसले आणि आधी तीच काच वरखाली करून पाहिली. तीनदा. मग वाळूजपर्यंत चक्कर मारली. उतरताना म्हणाले की एवढ्या जुन्या गाडीची काच वाजत नाही हे पहिल्यांदा पाहिलं. एक तारखेपासून काम सुरू.

घरी येऊन आनंदानं तुझी पत्रं पुन्हा वाचायला काढली आणि माझी मलाच लाज वाटली. कारभारीच्या शिंगाला हळद कोण चोळतं, पहाटे पाण्याला कळप कोण नेतं, जायकवाडीची वाट कुणाला ठाऊक आहे, हे सगळं तू लिहीत होतीस, आणि मी फक्त माझ्या काचेचं वाचत होतो. मेंढरं मला द्यायची की बाजाराला, एवढंच आम्ही बाप-लेक बोलत राहिलो. तुला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

म्हणून आज तुला न विचारता आबांना वेगळं पत्र टाकलं आहे. मोतीराम गुरुजींनी वाचून दाखवावं म्हणून. त्यात एवढंच लिहिलं आहे की कळपातला माझा वाटा मी आक्काला दिला, आणि उरलेलाही त्यांनी तिलाच द्यावा. रागावू नकोस. तुला नको असेल तर तसं लिही, पण खरं लिही. या पत्राच्या उत्तराकडं माझे डोळे लागले आहेत.

तुझा,
शिवा

.

जायकवाडीच्या वाटेवर, पहिला मुक्काम
३१ मार्च १९८७

चि. शिवशंकर यास,
तुझ्या आक्काचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र गुरुजींनी पाडव्याच्या आदल्या दिवशी तळावर बसून वाचलं. आबा भडकले. म्हणाले, लेकीच्या दारात कुणी कळप बांधत नसतंय, लोक काय म्हणतील. ह्यांच्यासमोर म्हणाले. मला वाटलं संपलं. पण हे, जे कधी आबांपुढं मान वर करत नाहीत, ते म्हणाले की मामा, खडी फोडून ती रात्री कोकरांची नावं घेत झोपती, लोकांचं मी बघतो.

त्यावर आबांनी मला कळपाकडं पाठ करून उभं केलं आणि विचारायला लागले. पुढं कोणती विणार? काळ्या कानाची. लंगडी कोण? बांडीची थोरली. कारभारी कोणत्या बाजूला निजतो? मी उत्तरं देत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, तुला पाहिजे हायेत का ही? मला नुसतं व्हय म्हणायचं होतं, पण रडूच फुटलं. दोन वर्षं हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून वाट पाहिली रे मी. आणि तो तू विचारायला लावलास.

काल पाडव्याची गुढी उभारली आणि आज पहाटे निघायचं ठरलं. तुला ठाऊकच आहे, आपल्यात कळप हाकत नाहीत. पुढं चालणाऱ्यानं हाक घालायची आणि मेंढरांनी मागं यायचं. मी सवयीनं मागं जाऊन उभी राहिले. आबांनी काठी टेकत येऊन मला हाताला धरून पुढं आणलं आणि स्वतः बाजूला झाले. हाक मात्र घातली नाही. सगळी मेंढरं त्यांच्याकडंच बघत होती. ते माझ्याकडं बघत होते.

मग मी हाक घातली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा घातली आणि वाट धरली. मागं वळून बघायची हिंमत होईना. बांधापर्यंत गेल्यावर पायाला काहीतरी ऊन ऊन लागलं. बघते तर पांढऱ्या कपाळाचं कोकरू, आणि त्याच्यामागं सगळा कळप, शिवा, सगळा.

हे पत्र पहिल्या मुक्कामी लिहिते आहे आणि उलट्या वाटेनं जाणाऱ्या माणसाच्या हाती गावाकडच्या पेटीत टाकायला देते आहे. आता पावसाळ्यापर्यंत मला पत्ता नाही. तू लिहीत राहा, मी आले की सगळी एकदम वाचीन.

तुझी,
रत्नमाला मुंजाबा
(माहेरचं, आबांचं नाव आज मुद्दाम लिहिलं.)