पानगळीतला मांडव

ताई,

वाळक्या पानांची ती चुरचुर आठवते? शाळेच्या वाटेवर तिच्याच तालावर आपण कविता म्हणायचो. आता नातीला तसंच पानगळीतलं लग्न हवंय: मातीचे घट, गवताच्या पेंढ्या, पायवाटेवर वाळकी पानं.

पानं मी महिनाभर अंगणात जमवली. काल सूनबाईंनी सवयीप्रमाणे झाडून पेटवून दिली! म्हणाल्या, "बाबा, ही सजावट आहे हे मला काय ठाऊक?"

मी हसलो. पानं कुठूनही येतील. पण तू? आपल्या त्या जुन्या भांडणानंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. नातीच्या लग्नाला मात्र तू यायलाच हवंस, म्हणून हे पत्र...

इथवर लिहिलं आणि दारात चुरचुर झाली. बघतो तर वाळक्या पानांचं पोतं ओढत तू!

"तुझ्या सुनेनं फोन केला. बघतोस काय कविराज, पोतं उचल!"

अर्धं राहिलेलं पत्र आता पुरं करून तुझ्याच हाती देतोय.

तुझाच,
कविराज