परिशिष्टातील शून्य दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
कामगार व उद्योग कायदे सुलभीकरण समिती,
शिबिर कार्यालय, इंदूर.

विषय : लघुउद्योजक मंडळाच्या निवेदनातील परिशिष्ट 'ब' मध्ये दुरुस्ती करणे व माझा जबाब नोंदवून घेणे.

संदर्भ : १) मंडळाचे निवेदन, दि. ११ जून २०२५
२) माझा अर्ज, दि. ६ ऑक्टोबर २०२५
३) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. ३ नोव्हेंबर २०२५

महोदय,

मी, धनेश श्रीराम ओळंबे, वय ५८, राहणार विजय नगर, इंदूर, एकवीस वर्षे वरील मंडळाचा कार्यकारी सचिव होतो. या काळात मंडळाकडून सरकारकडे गेलेले प्रत्येक निवेदन माझ्या हातचे आहे. व्यवसाय कर, विजेवरील शुल्क, कामगारांच्या नोंदवह्या, कारखान्यांची तपासणी, किरकोळ चुकांसाठी असलेली तुरुंगवासाची कलमे, असे सगळेच विषय त्यांत आले. ती निवेदने हिंदीत होती. हा अर्ज मी मराठीत लिहितो आहे, कारण हिंदीत लिहायला बसलो की मंडळाचीच वाक्ये कागदावर उतरतात. आठ दिवस प्रयत्न करून पाहिला.

संदर्भ १ च्या निवेदनातील मुख्य मागणी स्वयंप्रमाणनाची आहे. पन्नासपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यात आज निरीक्षक येत नाही. मालक स्वतः फॉर्म भरतो, फोटो जोडतो आणि सर्व काही नियमानुसार असल्याचे लिहून देतो. ही मर्यादा शंभरपर्यंत वाढवावी, असे आम्ही मागितले. पुष्टीसाठी परिशिष्ट 'ब' जोडले. त्याच्या शेवटच्या रकान्यात 'सवलत घेतलेल्या सदस्य-कारखान्यांतील प्राणांतिक अपघात' यापुढे शून्य लिहिले आहे. तो आकडा मी स्वतः एकेका सदस्याला फोन करून जमवला होता. त्या दिवशी तो खरा होता आणि मला त्याचा अभिमान होता. नोंदवहीतली शाई निळ्याऐवजी काळी निघाली म्हणून एका वृद्ध कारखानदाराला दिवसभर बाकावर बसवून ठेवलेले मी पाहिले आहे. म्हणून जे लिहिले ते मनापासून लिहिले, एवढे नमूद करू इच्छितो.

दि. २ सप्टेंबर रोजी दुपारी हातोद रस्त्यावरील एका पॅकिंगच्या पिशव्या छापणाऱ्या कारखान्याला आग लागली. कारखाना मंडळाचा सदस्य होता व त्याने स्वयंप्रमाणन केलेले होते. छपाईत वापरायच्या रसायनाचे डबे पुढच्या शटरजवळ ठेवले होते आणि आग तिथूनच सुरू झाली. दोन स्त्रिया मृत्यू पावल्या. पॅकिंग विभागातील सुलोचना मालवीय व त्या विभागाच्या पर्यवेक्षक अनुश्री धनेश ओळंबे. अनुश्री माझी पत्नी.

संदर्भ २ च्या अर्जात मी निवेदनावरील माझी सही मागे घेण्याची परवानगी मागितली होती. सही पदाची असून व्यक्तीची नाही, आणि सादर केल्याच्या दिवशी माहिती बरोबर असल्याने दुरुस्तीचे कारण नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले. माझी तक्रार नाही. मी आपल्या जागी असतो तर हेच उत्तर लिहिले असते, कदाचित याच शब्दांत.

मंडळाचे अध्यक्ष श्री. मानस बियाणी तेराव्याला घरी आले होते. बराच वेळ सतरंजीवर बसून होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. निघताना मी त्यांना परिशिष्ट दुरुस्त करून पाठवण्याची विनंती केली. ते म्हणाले, "धनेशजी, भाभीजी आमच्याही होत्या. पण समितीची मीटिंग अठ्ठावीस नोव्हेंबरला आहे. ये आंकड़ा बदला तो दस साल की मेहनत गई." दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. त्यांनी तो तीन आठवडे स्वीकारला नाही. मी विश्रांती घेऊन परत यावे, असे ते म्हणत राहिले.

म्हणून आता विनंती एवढीच की, परिशिष्ट 'ब' मधील शून्य खोडून तेथे दोन लिहावे व शेजारी दोघींची नावे लिहावीत. त्या तक्त्यात नावांसाठी जागा नाही, हे मला माहीत आहे. तो मीच आखला होता. नावे समासात चालतील.

मागील अर्जात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती लिहिल्याशिवाय हा अर्ज पूर्ण होत नाही.

जुलैमध्ये अनुश्रीने निरीक्षक कार्यालयाच्या नावे एक तक्रार लिहिली. कारखान्याच्या मागच्या दरवाजासमोर आतून प्लास्टिक फिल्मचे रोल रचलेले असतात आणि बाहेरून कुलूप असते, असे त्यात होते. तिने ती आधी मालकांना दाखवली. मालकांनी मला फोन केला आणि भाभीजींना समजवा, दरवाजा आठवडाभरात मोकळा करतो, असे सांगितले. आमचे निवेदन समितीकडे जाऊन तेव्हा महिना झाला होता. कार्यकारी सचिवाच्या घरातूनच तक्रार गेली असती तर निवेदनाचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनात आला. तिला मी तो सांगितला नाही. चार दिवसांनी मी तिला एवढेच सांगितले की, मालकांनी शब्द पाळला आहे, रोल काढले, कुलूपही काढले.

तिने विचारले, "तुम्ही स्वतः बघून आलात?"

मी हो म्हणालो. मी गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने पाहिले तर रोल खरोखर काढलेले होते. फॉर्मसाठी फोटो त्याच दिवशी काढला गेला. तिने तक्रार कपाटात ठेवून दिली. बाहेरचे कुलूप तसेच होते. ते आतून दिसत नाही.

त्याच विभागातील कु. सुरभी हिचे दोन्ही हात भाजले, पण ती वाचली. दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेलो. ती मला ओळखत नव्हती, मीही आधी नाव सांगितले नाही. तिने सांगितले की आग लागली तेव्हा बहुतेक जणी धुरातून पुढच्या शटरकडेच पळाल्या आणि त्या सगळ्या वाचल्या. सुलोचना घाबरून जागेवर बसली होती. तिला अनुश्रीने उठवले. सुरभीचे शब्द असे : "काकू बोलल्या, पुढे नको, पीछे चला, तो दरवाजा आता खुलतो. आमच्या ह्यांनी मालकांशी बात करून घेतली आहे, स्वतः बघून आले आहेत." तिघी मागे गेल्या. दरवाजा हलेना तेव्हा सुरभी एकटी पुढच्या शटरकडे परत फिरली. सुलोचनाला चालवत नव्हते, म्हणून अनुश्री तिच्याजवळ थांबली.

हे सर्व मी समितीसमोर शपथेवर सांगण्यास तयार आहे. त्यातून माझ्यावर जी जबाबदारी येईल ती मला मान्य आहे. सवलत वाढवावी की नाही, हे समितीने ठरवावे. फक्त २८ तारखेपूर्वी मला बोलावून घ्यावे.

अर्जाचा हिंदी अनुवाद माझी मुलगी अबोली हिने केला आहे. वरील हकीकत तिला अनुवाद करतानाच प्रथम कळली. तिने एकही शब्द गाळलेला नाही, मी ताडून पाहिले आहे. अनुवाद टेबलावर ठेवून ती भंवरकुआं भागात मैत्रिणीकडे राहायला गेली. तरी जबाबाची नोटीस फक्त माझ्या नावे काढावी. घरी मी असतो.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,

(सही)
धनेश श्रीराम ओळंबे
इंदूर, दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) अर्जाचा हिंदी अनुवाद.
२) परिशिष्ट 'ब' ची प्रत.
३) कै. अनुश्री ओळंबे यांची हस्तलिखित तक्रार, दोन पाने, मूळ प्रत. ही दाखल करून घ्यावी.