दादाने बांधलेला दोर

प्रिय खारू,

पडल्यापासून दहा महिन्यांनी तू काठी टेकत फाटकापर्यंत गेलास आणि आईने हात धरला तर तिच्यावरच खेकसलास, "सोड गं, मी काय म्हातारा झालोय?" हे तिने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. आज सकाळी देवापुढे बसलो, तेव्हा कितीतरी दिवसांनी काही मागितलं नाही. पुढचं मात्र फोनवर बोलायला गेलो तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितोय.

इथे काम चालूच आहे. त्याच इमारतीच्या काचा आता नव्या दोरांना लटकून पुसतो. रोजचा तो छापील कागदही आहेच : 'उंचीवरच्या कामाचा धोका मला माहीत आहे, मी स्वखुशीने चढतो.' सहीखाली तू खारीचं शेपूट काढायचास आणि साहेब चिडायचे. परवा तुझ्या अपघाताच्या खटल्यात कंपनीच्या वकिलांनी तोच कागद न्यायाधीशांपुढे धरला. सही त्याची, धोका त्याने आपणहून पत्करला, मग कंपनीचा हलगर्जीपणा कसला, असं म्हणाले. न्यायाधीशांनी चष्मा वर करून विचारलं, "हे खाली काय काढलंय?" मला भर कोर्टात रडू फुटायचं तेवढं राहिलं.

तूही वकिलांसारखंच बोलतोस. "मला माहीत होतं दादा, कुणाचा दोष नाही, तू उगाच झुरू नकोस." लहानपणी झाडावर चढायचास तेव्हाही तुझ्या कमरेचा दोर मीच बांधायचो. तू कधी गाठ ओढून पाहिली नाहीस. कामावर बाकीचे चढण्याआधी आपला दोर वीत वीत चाचपतात. तू मात्र "दादाने बांधलाय ना?" एवढंच विचारायचास आणि कठड्यापलीकडे पाय टाकायचास. सगळे हसायचे, "याचा विमा म्हणजे याचा दादा!" मीही हसायचो. आतून छाती फुगायची.

उद्या माझी साक्ष आहे. साहेब म्हणाले, "सही त्याने समजून केली, एवढंच सांग. तुझ्या नोकरीचं मी बघतो." पण खारू, तू उंचीचा धोका पत्करला होतास, दोराचा नाही. कठड्याला घासून त्याचा एक पीळ तुटला होता. आदल्या दिवशी मी तो पाहिला, साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "आठवडाभर चालव." मी चालवला. तुला बोललो नाही, कारण कळलं असतं तर तू चढला नसतास आणि काम अडलं असतं. हे सगळं उद्या कोर्टात सांगणार आहे. मग नोकरी जावो, नाहीतर माझ्यावरच ठपका येवो. पण परक्यांच्या आधी ते तुझ्या कानावर माझ्याकडून जायला हवं होतं. त्या सकाळीही तू विचारलंस, "दादाने बांधलाय ना?" आणि मी मान डोलावली.

अजूनही म्हणशील तर, तुझाच
दादा