गरम जॉइनरचं माप

नाना, तुमचं माप चुकलं होतं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, कारखान्यात तुमच्या तपासणीच्या टेबलावर आता मी बसते, आणि मला हे तुमच्या तोंडावर सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात शहाद्याच्या व्यापाऱ्याने ठिबकच्या नळ्या जोडायच्या जॉइनरची बारा पोती परत पाठवली. नळीत सैल बसतात, पाणी गळतं. आमच्या नोंदवहीत तेच जॉइनर मापात होते. मालक म्हणाले, ऑपरेटर घाई करतो, नग साच्यात थंड व्हायच्या आधीच काढतो, त्याला काढून टाका. हे वाक्य मी आधी तुमच्या तोंडून ऐकलं होतं. मी दहा जॉइनर घेतले, त्यांवर शाईने आकडे टाकले. साच्यातून पडल्या पडल्या मोजले, तासाने मोजले, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले. दहाही आटले होते. प्लास्टिक साच्याबाहेर आल्यावरही आटत राहतं, एवढंच. आणि आम्ही ते गरम असतानाच मोजत होतो, तुम्ही घालून दिलेल्या पद्धतीने. बादलीत बुचकळायचं, फडक्याने पुसायचं, व्हर्नियर लावून माप घ्यायचं, सही करायची. वरून गार, आतून गरम.

चार नंबरच्या मशीनवरची बाई आठवते? तोरणमाळकडची, घरी पावरी बोलणारी, आपल्याशी मोजकं मराठी. तेव्हाही अशीच पोती परत आली होती. तुम्ही मोजलेला प्रत्येक नग बरोबर, पोत्यातला प्रत्येक नग लहान. म्हणून तुम्ही ठरवलंत की तुमची पाठ वळली की ती घाई करते. ती हात पुसत टेबलाशी येते. "साहेब, हे उद्या मोजा. रातभर ठेवला तर बारीक होतो."

"भाजी शे का वं, रातभर सुकाले?" तुम्ही म्हणता. सगळी शेड हसते. ती हसत नाही. म्हणते, "मी दिवसभर हात लावते, साहेब. तुम्ही एकदाच लावता."

तिथे तुमचा चेहरा बदलला. मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते. मी म्हणाले, नाना, एकदा सकाळी मोजून बघू. "तू माले शिकाडी ऱ्हायनी का?" सगळ्यांसमोर. मग तुम्ही नोंदवहीत लिहिलंत, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. शनिवारी तिला काढलं. या नोकरीमुळे तिचं गुजरातेत ऊसतोडीला जाणं थांबलं होतं, मुलगी इथल्या शाळेत होती. शेडमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं. तुम्हालाही.

तुमच्या दहाव्याला लोक म्हणत होते, माणूस मापाचा पक्का. मी हात जोडून ऐकत होते. आज कुणी म्हणालं तर उठून जाईन. चूक कुणाचीही होते, नाना. तुमच्याकडे उत्तर स्वतः चालत आलं होतं. डोंगरातल्या बाईच्या तोंडून आलं म्हणून तुम्ही ते घेतलं नाहीत. एक नग रात्रभर टेबलावर ठेवायला तुम्हाला काय लागत होतं?

बादली मी हलवली आहे. आता नग पूर्ण दिवस फळीवर राहतात, मग मोजले जातात. ऑपरेटर कामावर आहे. मालकांना मापांचा कागद दाखवला तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे आधी कसं कुणाला सुचलं नाही?" मी त्या बाईचा पत्ता शोधला. जुन्या हजेरीत नाव आहे, गाव नाही. आम्ही विचारलंच नव्हतं.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहिते. ती टेबलाशी आली त्या दिवशी मी एक नग खणात ठेवला होता. सकाळी तुम्ही यायच्या आधी मोजला. बारीक होता. तो मी पोत्यात टाकला आणि कुणाला बोलले नाही. शनिवार यायला अजून दोन दिवस होते.