टेम्पोवाल्याच्या घरचा चहा

अण्णा, लातूरहून नर्सिंग शिकून परत आले आणि बाप्तिस्मा घेतल्याचं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही केळीला पाणी सोडत होता. मला वाटलं, आता फावडं फेकाल. तुम्ही वर न बघताच विचारलंत, "मग आत काय बदललं तुझ्या?" घरी जमलेले पाव्हणे म्हणाले, तुमची पोरगी बाटली. तुम्ही म्हणालात, "ताट वाढलंय, जेवा आधी." त्या दिवशी एवढंच बोललात, आणि माझं त्या घरात राहणं पक्कं झालं. आता मी नांदेडला दवाखान्यात असते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहूनच गेलंय.

दादा गेला तेव्हा मी बारावीला होते. अर्धापूरहून केळी भरलेला टेम्पो वळणावर उलटला, पुढे बसलेला दादा गेला आणि आपल्याच गावचा टेम्पोवाला पाय मोडून वाचला. तुम्ही त्याचं नाव घरात घ्यायचं नाही म्हणालात. नाव घेतलं नाही, पण मनात त्याच्याशिवाय दुसरं काही आणलंच नाही. देवीला नवस बोलले, त्याचं वाटोळं होऊ दे. त्याचा पाय बरा होतोय असं कानावर आलं की मी ताटावरून उठायचे. लातूरला गेले तरी तेच. आरशासमोर वेणी घालताना मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचे, आणि दादाचा चेहरा आठवायला गेले की आधी हाच माणूस समोर यायचा. माझ्या भावाची आठवणसुद्धा त्यानं खाऊन टाकली होती, अण्णा.

खोलीतली मैत्रीण मला रविवारी प्रार्थनेला घेऊन गेली. गाणी ऐकायला म्हणून गेले, मग जातच राहिले. येशूनं स्वतःला मारणाऱ्यांसाठीच माफी मागितली, हे तिथं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. उठून बाहेर आले. पण ते काही डोक्यातून जाईना. नंतर एकदा डोळे मिटून मी त्या टेम्पोवाल्याचं फक्त नाव घेतलं. कितीतरी दिवस माझी प्रार्थना म्हणजे तेवढंच, दात आवळून घेतलेलं एक नाव. मग एका सकाळी तोंडातून निघून गेलं, "त्याचा पाय दुखू देऊ नको." निघालं आणि मला हमसून रडू आलं. उजेड पडला, आवाज आला, असं काही झालं नाही. त्या दिवशी दादा मात्र आठवला, नुसता दादा, विहिरीच्या काठावर ओलं डोकं झटकणारा. मी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर.

म्हणून गावी परतल्यावर मी त्या टेम्पोवाल्याच्या घरी गेले. तो ओसरीवर बसला होता. मला बघून काठीला धरून उठायला लागला. म्हणाला, "शिव्या द्यायला आली असशील तर दे बाई. मी ऐकून घेतो." मी म्हणाले, "न्हाई. वहिनीला चहा ठेवा म्हणा."

हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही बागेत होता. मी बांधावर पोचले तेव्हा धावत आल्यासारखे आलात. "देव बदललास, मी काही बोललो न्हाई. पण त्याच्या घरचा चहा पिलीस तू? तुझा भाऊ खाल्ला त्यानं!" तुमचा आवाज फाटला होता. मी घाबरले होते, तरी बोलले, "अण्णा, तो म्हणाला, दादा झोपला होता. त्याच्या खांद्यावर डोकं टाकून. त्याला काही कळलंच न्हाई."

तुम्ही बांधावर खाली बसलात. "झोपला होता?"

"हाव."

"लई दमला होता त्या दिवशी. मीच पहाटे उठवलं होतं त्याला." मग परत विचारलंत, "डोकं खांद्यावर होतं म्हणाला?" मी हो म्हणाले. तुम्ही डोक्याचं उपरणं काढून तोंडाला लावलंत, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी तुम्हाला रडताना बघितलं. पुढच्या हंगामात घड उतरवायच्या आदल्या दिवशी आईला म्हणालात, "त्याला निरोप धाडा. गाडी आपल्या बागेत लाव म्हणावं." तो आला. त्यानं पाय ओढत मालावरचा दोर आवळला आणि तुम्ही दुसरं टोक धरलंत.

तर हे बदललं, अण्णा. मी साधू झाले नाही. वॉर्डात अजून चिडते, वळणावर भरलेला टेम्पो दिसला की तोंड फिरवते. पण आत कुणाचं वाटोळं मागत बसलेली ती पोरगी आता नाही. तुम्ही कधी चर्चमध्ये आला नाहीत, मीही कधी ओढलं नाही. तरी मला जे मिळालं ते तुम्ही माझ्याकडून घेतलंत, आणि मला घरातून कधी तोडलं नाहीत. याचे उपकार मी कुठे ठेवू?

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. चर्चमधल्या पाळकांना कधी बोलले नाही. प्रार्थनेला बसते आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणते, तेव्हा डोळ्यांसमोर दरवेळी तुम्हीच येता. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा घातलेले. मी ते चित्र पुसायला जात नाही.