नाकाची साक्ष

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

कारभारीचा फोन — आठ वर्षांनी! कारभारी म्हणजे आमच्या कागद मिलचा मुकादम. "चाचा, दिवाळीचे बारा दिवस मिल बंद. टाकीत लगदा तसाच पडून राह्यला. उद्या माणसं उतरवायचीत साफसफाईला. नवी इंजिनियर बाई आली, तिच्याकडं गॅस मोजायचं कसलं मिशीन आहे. पर मिशीन खोटं बोलंल, तुमचं नाक न्हाई. या एक डाव."

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. माणूस म्हातारा झाला की त्याला कोणी बोलवत न्हाई.

लगद्याचं मला शाळेत कोणी शिकवलं न्हाई. चौथीपर्यंतची मराठी शाळा, पुढचं सगळं रद्दीतून आलेल्या पुस्तकांतून. रद्दी पाण्यात भिजवून घुसळायची, कॉस्टिक सोडा टाकून शाई सोडवायची. साबणाच्या फेसाबरोबर शाई वर येते, फेस काढून घ्यायचा, खाली धागा राहतो. तोच धागा पाच-सहा वेळा कागद होतो, मंग आखूड होत होत भुकटी. पर लगदा म्हणजे भिजवलेलं पीठ. हलवत ठेवलं तर बरं, पडू दिलं तर आंबतं. किती आंबलं ते मी वासावर सांगायचो. सगळी मिल म्हणायची, बदरूचाचाचं नाक चुकत न्हाई.

टाकीत उतरणारा आमचा गडी कडूबा तिथंच गेला, त्यानंतर त्या टाकीपाशी गेलो न्हाई. तो दारू पिऊन उतरला म्हणून गेला, असं सगळे म्हणतात.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

कारभारीनं आधी ढवळणी फिरवायला लावली. मी टाकीच्या तोंडाशी पालथा झोपलो, डोकं आत. सडक्या अंड्याचा वास — नेहमीचाच. थांबलो. थोड्या वेळानं वास कमी झाला. मंग गेलाच. मी वर बघून म्हणालो, "गेला. उतरा."

इंजिनियर बाई दैवशाला — भोकरदनकडची, माझ्या नातीएवढी. ती ओरडली, "कोणी उतरायचं न्हाई!" दोरीला बांधून तिनं ते मिशीन आत सोडलं. हातभर गेलं न गेलं, बोंबलायला लागलं. दहावर आकडा गेला तर माणूस हटवायचा म्हणे. हा शंभराच्या पुढं! तिनं माझ्या सदऱ्याला धरून मला मागं ओढलं. डोळ्यांची आग, डोकं गरगर.

मी भांडलो तिच्याशी. "बिघडलं तुझं मिशीन! मला वास येईना."

"चाचा, येईना म्हणूनच भ्या. हा वायू वाढला की आधी नाकच मारतो. वास जातो, वायू तिथंच राहतो."

कारभारीनं माणसं परत पाठवली.

माणसं उतरली न्हाईत. ती आज घरी जेवली असतील.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दैवशालेनं फोनवर सगळं समजावून सांगितलं, चुलीपाशी बसून सांगावं तसं. कागदावर शाई पसरू नये म्हणून तुरटी घालतात. ती रद्दीबरोबर लगद्यात येते. पाणी बंद, हवा बंद, की जंतू तिच्यातलं गंधक खाऊन हा वायू सोडतात. हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. लगदा ढवळला की एकदम सुटतो.

तुरटी मी स्वतः पोत्यांनी ओतलेली! ढवळणी पण मीच फिरवायला सांगायचो — म्हणायचो, वास निघून जाऊ द्या.

२९ ऑक्टोबर

बायकोनं, मैमूनानं, अंडी उकडली. ताटावरून उठलो. "क्या जी, खाना छोड के किधर?" तिला काय सांगू. ती उर्दू वाचते, ही वही मराठीत आहे, तेवढं बरं.

न्हाणीच्या मोरीतून आवाज आला — "उतरू का, चाचा?" कडूबाचा. तसाच, हसत. परत कान दिला. पाणीच होतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आता लिहूनच टाकतो. वहीला तोंड न्हाई.

कडूबा गेला त्या दिवशी मी असाच पालथा झोपलो होतो. वास आला, थांबलो, वास गेला. कडूबा म्हणाला, "उतरू का, चाचा?" मी म्हणालो, "उतर, बेटा." तिसऱ्या पायरीवर हात सुटले त्याचे. आवाज पण केला न्हाई. त्याचा जोडीदार भिवा, त्यानं दम कोंडून, तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून, कमरेला दोर बांधून त्याला वर काढलं. खूप उशीर झाल्ता.

मालकाच्या माणसानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "गॅस होता का, बदरोद्दीन?"

मी खाली वाकलो. कडूबाच्या तोंडाशी नाक नेलं. म्हणालो, "टाकीत वास न्हाई. याच्या तोंडाला दारूचा वास आहे."

बस्. माझ्या शब्दावर सगळं ठरलं. पंचनाम्यात तेच, गावात तेच.

आठ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो वास मला आला होता. इतक्या वेळा सांगितलं की खरा वाटायला लागला. पर दैवशाला म्हणते, नाक मेलं की काहीच येत न्हाई. मंग मेलेल्या नाकाला दारू कशी आली?

आली न्हाई. मी भिलो होतो. माझं नाक चुकलं असं कोणी म्हणू नये म्हणून मेलेल्या माणसाच्या तोंडात मी दारू घातली. लग्नानंतर कडूबानं बाटलीला हात लावला न्हाई, हे मिलमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

भोकरदनची गाडी धरली. नंदाबाई तिथंच राहते, कडूबाची बायको. स्टँडवर उतरलो, चहा पिलो, दुसरा पिलो, परतीच्या गाडीत बसलो. एक्काहत्तर वर्षांचा माणूस!

कंडक्टर म्हणाला, "चाचा, आत्ताच तर आल्ते ना?"

२ नोव्हेंबर

काही न्हाई. "उतरू का?" तीनदा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज गेलो. घरापर्यंत गेलो.

नंदाबाई ओट्यावर मूग निवडत होती. केस पार पांढरे. उठली, पदर सावरला. "या, भाऊ. इतक्या वर्षांनी वाट चुकले?" पाणी दिलं. वहिनीची तब्येत विचारली.

भिंतीवर देवांचे फोटो, तिच्या पोराच्या, कल्याणच्या, लग्नाचा फोटो. कडूबाचा न्हाई.

उभ्यानंच बोललो. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "ताई, कडूबा दारूनं गेला न्हाई. वायूनं गेला. उतर म्हणून मी सांगितलं. अन् दारूचा वास आला असं मी बोललो ते खोटं होतं. मला कसलाच वास आल्ता न्हाई."

शिव्या देईल वाटलं. चप्पल काढली असती तरी मी मान पुढं केली असती. तिनं सूप बाजूला ठेवलं फक्त.

"कसलाच न्हाई?"

"न्हाई, ताई."

"जरा पण न्हाई? थेंबभर असल तर येतो का वास?"

"माझं नाक मेलं होतं, ताई. अत्तराची बाटली फुटली असती तरी कळलं नसतं."

"अन् थेंबभर दारूनं माणूस पडतो का टाकीत?"

"न्हाई. त्या टाकीत मालक उतरला असता तरी पडला असता. पीर-फकीर पण."

परत तेच विचारलं तिनं, कुराणाची शपथ घालून. मी शपथ घेतली. मंग ती आत गेली ती बाहेर आलीच न्हाई. मी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभा. कल्याण शेतातून आला, त्याला पण सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही जा आता."

बरोबर आहे त्याचं. दैवशालेला लेखी द्यायचं आहे सगळं, सहीनिशी. उद्या देतो. पर नंदाबाई तेच तेच का विचारत होती? मी अजून खोटं बोलतो असं वाटलं का तिला?

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या पहिल्या गाडीनं नंदाबाई आली. उंबऱ्यातच बसली. मैमूनानं चहा दिला, तिनं हात लावला न्हाई.

"त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती, भाऊ. नको नको म्हणत होते. मीच शेजारून थोडी दारू आणली, कापसाचा बोळा भिजवून दाढेत ठेवला. तुम्ही वास आला म्हणाले, अन् मी समजले — माझ्या बोळ्यानंच गेला माणूस. कोणाला बोलले न्हाई. पोराला पण न्हाई."

म्हणजे त्या टाकीत मी दोघांना उतरवलं होतं. नंदाबाई आठ वर्षं आतच होती.